नळी निळी का पडली

मॅडम पहिल्यांदा माझ्यावर ओरडल्या त्या एका बीकरवरून. मी कॉलेजात नुकताच लागलो होतो. प्राणिशास्त्र शिकवायचो, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे घेतलेल्या तासापुरता मास्तर, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा ऑर्डर मिळेल की नाही हे संस्थेच्या अध्यक्षांच्या मनावर. तहान लागली होती म्हणून समोरच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये शिरलो. ओट्यावर एक स्वच्छ बीकर पालथा घातलेला दिसला. नळाखाली धरला आणि घटाघट पाणी प्यायलो.

"काऊन हात लावला?"

मागे वळलो तर दारात एक बुटकी, सावळी बाई उभी. केस करकचून बांधलेले, ॲप्रनच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या.

"कोनाले इचारून लावला हात?"

मी म्हटलं, "मॅडम, धुऊन ठेवतो."

"तुम्ही धुवाल? तो धुवायला मला अख्खा दिवस लागला आहे!"

त्यांनी बीकर माझ्या हातून ओढून घेतला, उन्हात धरून पाहिला आणि वेगळ्या फळीवर ठेवून दिला. त्यानंतर त्या लॅबमध्ये मला जितक्या वेळा चहा मिळाला, तितक्या वेळा त्याच बीकरमधून मिळाला. मी तो बाटवला होता, तर आता तो मीच वापरायचा.

वर्गात त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी असायची. राग आला की भाषा थेट वैनगंगेच्या पलीकडं जायची, अहेरीकडं, प्राणहितेच्या काठावरच्या त्यांच्या गावाला. वडील ढीवर, नदीत जाळं टाकणारे. त्या घरातली ही मुलगी बाहेर जाऊन मोठ्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करून आली होती आणि वरोऱ्याच्या पुढं, रेल्वेलाइनच्या बाजूला असलेल्या आमच्या त्या टिनाच्या छपराच्या कॉलेजात पोरांना आम्ल-आम्लारी शिकवत होती. का आल्या, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "मले यायचं होतं म्हणून." पुढं बोलायची सोय नसे.

आता संस्थेला स्मरणिका काढायची आहे. मला निरोप आला की मॅडमवर दोन पानं लिहून द्या, हृद्य लिहा. हृद्य! ज्या बाईला तुम्ही नोटीस देऊन घालवलं तिच्यावर हृद्य लिहायचं, आणि ते मी लिहायचं. मी लिहितोय. त्यांना छापता येणार नाही असं लिहितोय.

मॅडमच्या लॅबमध्ये 'साधारण' हा शब्द चालत नसे. पोरगा म्हणाला, "मॅडम, साधारण दहा मिली घेतलं," की त्या त्याचा फ्लास्क उचलून बेसिनमध्ये ओतत. "साधारण कोणाला म्हणतात? दहा घेतलं, का नऊ पूर्णांक आठ घेतलं?" पोरगं रडकुंडीला यायचं. स्टाफच्या बैठकीत प्राचार्य म्हणाले की निकाल साधारण बरा आहे, तर त्या उठून बाहेर गेल्या. याच्या उलट 'मला माहीत नाही' हे वाक्य त्या छाती पुढं काढून म्हणायच्या. पोरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायच्या, 'मला माहीत नाही', आणि खाली सही करायच्या. आम्ही बाकीचे हसायचो. आमच्यापैकी एकालाही तसं लिहायची हिंमत नव्हती.

त्या काय करत होत्या हे मला समजायला वर्ष गेलं. सोनं खूप बारीक केलं, कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाही इतकं, तर ते पिवळं राहत नाही. पाण्यात लाल दिसतं, डाळिंबाच्या रसासारखं. ते नॅनोकण एकमेकांच्या जवळ आले की तेच पाणी आधी जांभळं आणि मग निळं पडतं. कण जवळ कधी यावेत हे आपल्या हाती राहावं म्हणून मॅडम त्यांना डीएनएचे तुकडे बांधायच्या. आईबापाकडून आपल्याला मिळतो तोच डीएनए, पण हा कारखान्यात अक्षराला अक्षर जोडून बनवलेला. अक्षरं अशी निवडलेली की पाणी आंबट झालं की तो तुकडा स्वतःभोवती वेटोळं घालतो, कण जवळ येतात, नळी निळी होते. धुण्याच्या सोड्याचं पाणी घातलं की वेटोळं सुटतं, कण लांब जातात, नळी पुन्हा लाल. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लहान मुलासारखा, "पुन्हा करा, पुन्हा करा," म्हणालो. त्यांनी सहा वेळा करून दाखवलं. त्या दिवशी त्या रागावलेल्या नव्हत्या.

मी म्हटलं, "पण मॅडम, हे तर लिटमसचा कागदही सांगतो."

झालं. "लिटमसचा कागद माशाच्या कल्ल्यात जाईल का? पानी आंबट झालं हे जवा आपल्याले समजते तवा मासा पालथा झाला असते. मले तो मरायच्या आधी त्याच्या कल्ल्यात काय होऊन राह्यलं ते पाहाचं आहे. समजलं? तुम्ही प्राणिशास्त्राचे ना? मंग तुम्हाले कधी वाटलं नाई?"

मला कधी वाटलं नव्हतं. माझ्यासाठी मासा म्हणजे परीक्षेत काढायची आकृती.

सोनं कुठून आणायचं हा प्रश्न होता. कॉलेज देणार नव्हतं. मॅडमनी विद्यापीठात मिळालेलं स्वतःचं सुवर्णपदक आणलं आणि आमच्या डोळ्यांदेखत अम्लराजात टाकलं. सोनं विरघळवणारं दोन तेजाबांचं ते मिश्रण. पदक विरघळेचना. वरून पांढरा थर धरला आणि आत चांदी निघाली. वरचा मुलामा तेवढा सोन्याचा. त्या दिवशी त्या इतक्या संतापल्या की शेजारच्या वर्गातला तास थांबला. त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं की तुम्ही मला सुवर्णपदक म्हणून जे दिलं ते सुवर्ण नाही, मी तपासलं आहे, खुलासा करावा. खुलासा कधीच आला नाही, आणि त्या दर महिन्याला पत्र पाठवत राहिल्या. मग एका सोमवारी त्या आल्या तेव्हा कानातले टॉप्स नव्हते. भोकं बुजू नयेत म्हणून कडुलिंबाच्या काड्या घातल्या होत्या. लॅबमध्ये एका बाटलीत लाल पाणी होतं. मी कानांकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "पाहू नका. कामाले लागा."

डीएनएची नळी हैदराबादहून कुरिअरनं यायची. करंगळीच्या पेराएवढी प्लॅस्टिकची नळी, आणि आतला डीएनए वाळवलेला, त्यामुळं डोळ्याला काहीच दिसायचं नाही. आमच्या भांडारातल्या बाबूंनी ती उघडून उजेडात धरली, उलटी करून टेबलावर आपटली आणि नोंदवहीत लिहिलं, 'रिकामी नळी, एक. परत करणे.' त्यानंतर मॅडमनी भांडारात जे केलं ते मी इथं लिहीत नाही. बाबू आठ दिवस रजेवर होते.

लोक त्यांना चक्रम म्हणत. मीही म्हणायचो. चक्रम म्हटलं की बरं असतं, मग त्यांचं म्हणणं ऐकावं लागत नाही.

कॉलेजपासून दोन कोसांवर एक गाव होतं. गावाबाहेर जुना तलाव, आणि त्याच्या वरच्या अंगाला कोळशाची खाण. तलावातली मासेमारी गावातल्या ढीवरांच्या सोसायटीकडं. कोळशावरचा दगड काढून खाणवाल्यांनी त्याचे डोंगर केले होते. त्या दगडात गंधक असतं, त्यावर पावसाचं पाणी पडत राहिलं की तेजाब झिरपतं. ते नाल्यात जातं आणि नाला तलावात. त्या वर्षी भाद्रपदात एका दिवसात तलावातली सगळी मासोळी वर आली. रोहू, कतला, मरळ, सगळी पांढरी पोटं वर करून.

सोसायटीच्या ताराबाई पिशवीत चार मेलेले मासे घालून कॉलेजच्या फाटकात उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, नऊवारीचा काचा मारलेल्या. शिपायानं अडवलं तर म्हणाल्या, "इथी आमच्यातली एक मॅडम आहे म्हंते. तिले बलाव."

मॅडम धावत गेल्या. फाटकातच माशाचा कल्ला उघडून पाहिला. कल्ल्यावर चिकट पांढरट थर होता. मला हाक मारली, "मास्तर, हे बघा. सांगा हे कशानं होतं."

मी पाहिलं आणि सांगितलं, "आंबट पाण्यानं होऊ शकतं."

हे मी बोललो होतो. फाटकात, ताराबाईंसमोर. ते मला विसरता येत नाही.

मॅडमनी पाणी तपासायला कॉलेजचं पीएच मीटर मागितलं. मीटर प्राचार्यांच्या कपाटात असायचं. प्राचार्य म्हणाले की ते दुरुस्तीला गेलं आहे. कपाटाच्या काचेतून ते दिसत होतं. मॅडमनी बोट दाखवलं. प्राचार्यांनी उठून काचेवर पडदा ओढला. असा माणूस. कारण सरळ होतं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळा तालुका भाऊ म्हणायचा, त्यांचेच ट्रक खाणीचा कोळसा वाहत होते.

सोसायटीनं अर्ज केले, दोनदा रस्त्यावर बसली, तेव्हा कुठं सरकारी तपासणी ठरली. तपासणी होईपर्यंत कोणी तलावावर जाऊ नये असा हुकूम निघाला आणि गावातल्या लोकांनी तो पाळला. तेवढ्या दिवसांत मॅडमनी नळ्या तयार केल्या. कण फिरवून वेगळे करायला यंत्र नव्हतं, तर त्या वरोऱ्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाऊन रक्त फिरवायच्या मशीनवर काम करायच्या. ते मशीन हळू फिरायचं म्हणून कण मोठे बनवावे लागले, ते दोनदा फसले, तिसऱ्यांदा जमले. शेवटी कानातल्या सोन्याच्या दहा नळ्या झाल्या. खरं तर मीटरनंही काम भागलं असतं, हे त्या स्वतःच म्हणायच्या. पण मीटर दिलं नाही, म्हणून नळ्या.

तपासणीच्या दिवशी मला मेलेल्या माशांचे नमुने गोळा करायला बोलावलं होतं. कॉलेजनं माझं नाव दिलं होतं. आदल्या दिवशी भाऊंनी मला बंगल्यावर बोलावून चहा पाजला. म्हणाले, "मास्तर, तुमच्या कायम ऑर्डरचं यंदा पाहून टाकू. तुम्ही समजदार आहात." एवढंच.

मी सकाळी सातलाच तलावावर पोचलो. गावाकडून न जाता नाल्याच्या बाजूनं गेलो, कारण मासे तिकडं काठाला लागले होते. तिथं पाळीखाली, म्हणजे तलावाच्या बांधाखाली, पळसाच्या झुडपांआड रिकाम्या पोत्यांचा ढीग होता. चुन्याची पोती. गवतावर पांढरी भुकटी सांडलेली, ट्रॅक्टरच्या चाकांचे ताजे ओरखडे थेट पाण्यापर्यंत गेलेले. मी एक पोतं उचलून पाहिलं. हात पांढरे झाले. मला त्याच क्षणी सगळं समजलं. शाळेतल्या पोरालाही समजलं असतं, आंबट पाण्यात चुना टाकला की आंबटपणा जातो. मी काठाशी वाकून हात धुतले. त्याच पाण्यात. तेवढ्यात एक ट्रॅक्टर आला, दोघांनी पोती भरली आणि निघून गेले. त्यातल्या एकानं मला नमस्कार केला.

अकराला साहेब आले. प्रदूषण खात्याचे एक अधिकारी आणि त्यांच्यासोबत नागपूरचे एक तज्ज्ञ. पाळीवर सगळं गाव, पुढं ताराबाई. तज्ज्ञांनी मीटर बुडवलं. साडेसात. सातच्या आसपास म्हणजे धड आंबट नाही, धड आम्लारी नाही, नळाच्या पाण्यासारखं. अधिकाऱ्यानं आकडा मोठ्यानं वाचला.

मॅडम पुढं आल्या. "मला माझ्या नळीनं पाहू द्या."

त्यांनी लाल नळीत तलावाचं पाणी थेंब थेंब सोडलं. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. नळी जांभळी झाली, आणि बघता बघता निळी. पाळीवर आरोळी उठली. ताराबाईंनी मॅडमचा दंडच धरला, "पाह्यलं का? पाह्यलं का, साहेब?"

तज्ज्ञ हसले. "मॅडम, तुम्हाला माहीतच असेल. पाण्यात क्षार जास्त असले तरी हे कण गोळा होतात. आम्ल नसलं तरी निळं पडतं."

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "ते आताच पाहू. आम्लानं निळी पडली असेल तर सोड्यानं परत लाल होईल. क्षारानं पडली असेल तर होणार नाही."

त्यांनी सोड्याचं पाणी घातलं. नळी हलवली. निळीच. आणखी दोन थेंब. निळीच. दुसरी नळी घेतली, सगळं पहिल्यापासून केलं. तीही निळी पडली ती निळीच राहिली.

तिथं त्यांना गप्प राहता आलं असतं. निळी पडली हे गावानं पाहिलं होतं, तज्ज्ञाच्या शब्दावर गावानं विश्वास ठेवला नसता. वाद पेटला असता, पुन्हा तपासणी मागता आली असती. मी मनात म्हणत होतो, बाई, गप्प बस. एकदा आयुष्यात साधारण बोल.

त्या नळीकडं पाहत स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "हे आम्ल नाही."

अधिकाऱ्यानं लगेच लिहायला घेतलं.

"थांबा, लिहू नका," मॅडम म्हणाल्या. "एवढा क्षार या पाण्यात कधीच नव्हता. हा आला कुठून?" त्यांनी वळून सगळ्यांकडं पाहिलं. "या पान्यात कोनं काय टाकलं? कोनी पाह्यलं का? कोनाले ठाऊक आहे का?"

गावकऱ्यांना ठाऊक नव्हतं. ते हुकूम पाळून आठ दिवस तलावाकडं फिरकले नव्हते. मॅडमची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "मास्तर, तुम्ही सकाळपासून आहात ना इथी?"

मी म्हटलं, "मी मासे गोळा करत होतो."

खोटं नव्हतं ते. पण इतकं घाण वाक्य मी आयुष्यात बोललो नाही.

पंचनाम्यात माशांच्या मरणाचं कारण अधिकाऱ्यानं सांगितलं आणि मी माझ्या हस्ताक्षरात लिहिलं, पाण्यातला प्राणवायू कमी झाल्याने. खाली सही केली.

लोक पांगले. ताराबाई शेवटपर्यंत उभ्या होत्या. मग मॅडमजवळ येऊन म्हणाल्या, "तू आमची होतीस, बाई. आमच्याच पोटची. अन् तूनंच आमाले बुडवलं."

मॅडम म्हणाल्या, "मले जे दिसलं ते मी सांगतलं, काकू."

"तुले दिसलं अन् आमची मासोळी गेली ते नाई दिसलं?"

दहातल्या आठ नळ्या उरल्या होत्या, त्या मॅडमनी रुमालात गुंडाळल्या आणि पायी कॉलेजकडं निघाल्या. मी स्कूटरवर होतो. बसा म्हणायची माझी छाती झाली नाही.

यापुढचं जे आहे त्याची मला सगळ्यात जास्त चीड येते. खाणीवर आरोप सिद्ध झाले नाहीत, आणि जानेवारीच्या स्नेहसंमेलनात संस्थेनं मॅडमचा सत्कार ठेवला. प्रामाणिकपणाबद्दल! भाऊ माइकवर म्हणाले, "स्वतःच्या समाजाचा दबाव असतानाही सत्याची कास न सोडणाऱ्या आमच्या मॅडम..." पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या पडदा ओढणाऱ्या हातांनी. मीही वाजवल्या. ज्यांनी चुना टाकला त्यांनीच, जिला फसवलं तिच्या खांद्यावर शाल घातली. अपमान करायची ही पद्धत आपल्याकडं फार मुरलेली आहे. शिवी दिली तर माणूस उलटून बोलू शकतो, शाल घातली तर त्यानं हात जोडायचे असतात.

मॅडमनी हात जोडले नाहीत. शाल काढली, नीट चार घड्या केल्या, भाऊंच्या मांडीवर ठेवली आणि माइक हातात घेतला. "मला सत्कार नको. त्या तलावात काय टाकलं होतं, ते सांगा. तुम्हाले ठाऊक आहे. मी उभी आहे इथी. सांगा."

भाऊ हसत राहिले. कोणीतरी माइकची वायर काढली. मॅडम माइक नसतानाही बोलत राहिल्या, तेव्हा बँड सुरू केला. पिवळ्या कागदावरची कारणे दाखवा नोटीस आठवड्याच्या आत आली. त्यांनी उत्तरात एकच ओळ लिहिली, 'कारण तुम्हाला माहीत आहे,' आणि राजीनामा जोडला. जाताना लॅबमधली स्वतःची काच तेवढी नेली. मी चहा प्यायचो तो बीकर फळीवर ठेवून गेल्या. तो माझा होता ना.

जूनमध्ये मला कायम ऑर्डर मिळाली.

पुढच्या पावसाळ्यात त्या तलावातली मासोळी पुन्हा मेली. सोसायटीनं उसनवारी करून टाकलेलं बीज होतं. या वेळी मोर्चा नाही, अर्ज नाही. अर्धे ढीवर तोवर त्याच खाणीत रोजंदारीला लागले होते. दिवाळी होऊन गेल्यावर ताराबाई पुन्हा कॉलेजच्या फाटकात आल्या. हातात पिशवी नव्हती. मला म्हणाल्या, "त्या बाईचा पत्ता दे, गा. मी तिले लई बोलली. मले तिच्याशी बोलाचं आहे."

"काय बोलायचं आहे?"

"तिनं इचारलं होतं ना, पान्यात कोनं काय टाकलं म्हून. मी सालभर तेच इचारून राह्यली सगळ्याले. कोनी सांगत नाई."

मी पत्ता लिहून दिला आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून स्वतःच निघालो. बल्लारपूर, मग आष्टीच्या पुलावरून वैनगंगा, पुढं आलापल्लीचं सागाचं जंगल, मग अहेरी, आणि तिथून जीपनं त्यांचं गाव. मॅडम गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत होत्या. घरासमोर त्यांचे वडील जाळं विणत बसले होते, त्या शेजारी वह्या तपासत होत्या.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. पोती, भुकटी, ट्रॅक्टर, हात धुतले ते, भाऊंचा चहा, सगळं. मी येताना तयारी केली होती. त्या ओरडतील, वही फेकून मारतील, हाकलतील. खरं म्हणजे मला ते हवं होतं.

त्या ओरडल्या नाहीत. लाल पेन बंद केलं. मग म्हणाल्या, "चुना. म्हणजे कॅल्शियम. म्हणून निळी पडली, अन् म्हणून परत लाल झाली नाई." नुसतं गणित सोडवल्यासारखं. आणि थोड्या वेळानं, "मास्तर, एक वाक्य होतं. पाळीवर चुन्याची पोती पाह्यली. एवढं बोलाले किती वेळ लागते?"



त्यांनी वहीतून कागद फाडून पुढं केला. "लिहा. दिवस, वेळ, पोती किती. सही करा. माह्याजवळ नका देऊ, ताराबाईच्या हातात द्या."

वडिलांनी मला पाणी आणून दिलं. मॅडमनी दिलं नाही.

कागद ताराबाईंना दिला. त्यांच्यासाठी एका पोरानं मोठ्यानं वाचला. ऐकून त्या माझ्या पायाजवळ थुंकल्या आणि कागद कमरेला खोचून निघून गेल्या. त्या कागदावरून पुढच्या पावसाळ्यात न कळवता तपासणी झाली. साहेबांच्या मीटरनंच पाणी आंबट दाखवलं. खाणीला नाल्याआधी टाकं बांधून पाणी शुद्ध करून सोडावं लागलं. तलाव सावरायला आणखी दोन वर्षं गेली. खाणीत गेलेले ढीवर काही परत आले नाहीत.

आणि मला काय झालं? काही नाही. कागद बाहेर आला तेव्हा माझी नोकरी जाईल म्हणून मी आठ दिवस झोपलो नाही. भाऊ एकदा आवारात भेटले. त्यांचे ट्रक तोवर दुसऱ्या खाणीवर लागले होते. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मास्तर, लई उशीर केला तुम्ही," आणि हसत गाडीत बसले. ज्या भीतीपायी मी एक गाव बुडवलं, तिची किंमत एवढीच होती. मी आज निवृत्तीला आलो आहे, कायम आहे, पेन्शन बसेल.

मॅडमनी मला कधी पत्र लिहिलं नाही. मी लिहिली, उत्तर आलं नाही. काही वर्षांनी ताराबाईंच्या सोसायटीत एक चार पानी पुस्तिका पाहिली. तलावाचं पाणी बिघडलं हे कसं ओळखायचं, यावर मॅडमनी त्या भागातल्या ढीवरांसाठी लिहिलेली, त्यांच्याच बोलीत. कल्ले कसे पाहायचे, पाणी कुठून घ्यायचं, तपासणीच्या आठ दिवस आधीपासून पाळीवर पाळीपाळीनं पहारा कसा ठेवायचा, हुकूम असला तरी. ताराबाईंच्या तलावाची गोष्ट तिसऱ्या पानावर आहे. त्यात खाणीचं नाव नाही, भाऊंचं नाव नाही, माझंही नाही. मी ते पान तिथंच उभ्यानं तीन वेळा वाचलं. शेवटची ओळ अशी आहे:

'चुना टाकलेला एका शिकलेल्या मानसानं सकारीच पाह्यला होता. त्यानं आमाले चौदा महिन्यानं सांगतलं.'